ताई, या शहरात आकाशाचा किडा असलेलं कुणी आहे का?

पत्र थोडक्यात: लिहिणारी पंचवीस-सव्वीस वर्षांची, मूळची हिंगोली जिल्ह्यातली. नोकरीसाठी पुण्यात आली, हिंजवडीत टेस्टिंगचं काम करते, वाकडला पीजीत राहते. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे आकाश बघायचं वेड लागलं, पुण्याला निघताना सरांनी त्यांची जुनी टेन बाय फिफ्टीची बायनॉक्युलर तिला देऊन टाकली. ती लिहिते, "गावी सगळं होतं. पुण्यात तर माझ्यासारखे ढिगाने भेटतील असं वाटलं होतं. रूममेट्सना रील्स आणि लोणावळा सोडून काही नको. एका टेक मीटअपला गेले तर सगळे कंपनी आणि पॅकेज विचारत होते. आयुकात (ती विद्यापीठातली खगोलशास्त्राची संस्था) एक लेक्चर ऐकायला गेले, तिथे सगळे एकमेकांना ओळखत होते. मनात प्रश्न होता पण विचारला नाही, कारण मी तोंड उघडलं की लोक 'तुम्ही मराठवाड्याच्या का' म्हणतात. पीजीचं गेट दहाला बंद होतं म्हणजे रात्रीचं काही करायचा प्रश्नच नाही. माझंच काही चुकतंय का? हे सगळं सोडून नॉर्मल व्हावं, की सरळ परत जावं?"

अगं, आधी ते 'नॉर्मल व्हावं' खोडून टाक. तो सुटणारा प्रकार नाहीये. पत्रात तू सहज लिहून गेलीयस की ऑफिसच्या बसमधून चंद्र दिसला की तिथी मनातल्या मनात येते आणि मग कॅलेंडर बघून बरोबर आली का ते तपासतेस. असल्या मुलीने वर्षभर रील्स बघितल्या तरी काही फरक पडणार नाही, तिचं डोकं वरच जाणार.

मी अडकले ते दुसऱ्याच वाक्यापाशी, 'गावी सगळं होतं'. काय होतं गं गावी? अंधार होता, गच्ची होती आणि एक सर होते. एक माणूस, तोही तुझ्या वडलांच्या वयाचा. वर्गातल्या बाकीच्या पोरांना तेव्हाही काही पडलेली नव्हती, आणि तुझा भाऊ तर म्हणायचा की ही वर बघत चालते आणि नालीत पडते, हे तूच लिहिलंयस. तरी तुला पुरत होतं, पुरत होतं कशाला, भरपूर वाटत होतं. आणि पुण्यात आल्यावर मात्र तुला एकदम घोळका हवाय, तोही आपल्या वयाचा, आपल्याइतकीच खोल आवड असलेला, आणि पहिल्या भेटीत आपल्याला ओळखून जवळ घेणारा. एवढ्या अटींवर तर स्थळसुद्धा मिळत नाही.

म्हणजे अपेक्षा कमी कर असं नाही म्हणत मी, फक्त वयाची अट काढून बघ काय होतं. टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून चालू आहे, हौशी आकाशवाल्यांची देशातली सगळ्यात जुनी संस्था. त्यांचे कोर्स होतात, आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात (वेळा बदलत असतात, आधी चौकशी करून जा, वाकडहून टिळक रोड म्हणजे संध्याकाळी किती वेळ जाईल ते मी लिहित नाही, तुला माहितीये). अशा कुठल्याही जागी गेलीस की आधी दिसतात ते रिटायर झालेले काका, मग आठवी-नववीतलं एखादं पोर ज्याला गुरूच्या सगळ्या चंद्रांची नावं पाठ आहेत आणि ती म्हणून दाखवल्याशिवाय ते तुला सोडत नाही, त्याची कंटाळलेली आई, दोन-तीन इंजिनिअरिंगवाले. तू दारातून बघणार, म्हणणार इथे माझ्या वयाचं कुणी नाही, आणि परत फिरणार. तर परत फिरू नकोस, कारण तुझे सर होते ना, ते याच काकांच्या जातीचे. त्यातला एखादा काका तुला पकडून तासभर लेक्चर देईल हेही खरंय, तेव्हा पाणी प्यायला जाते म्हणून निसटायचं, सगळे तेच करतात.

आता त्या लेक्चरबद्दल. ओळखी करायला लेक्चरइतकी वाईट जागा नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, दीड तास कुणी कुणाशी बोलत नाही, आणि संपल्यावर ज्यांच्या आधीच ओळखी आहेत ते घोळका करून चहाला जातात. तुला वाटलं त्यांनी तुला बाहेर ठेवलं. त्यांनी तुला बघितलंसुद्धा नसेल गं! ते एकमेकांना ओळखतात कारण वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर येऊन बसतात, आणि एकदा येऊन गेलेला माणूस त्यांच्या लक्षात राहत नाही. जो परत येतो, मग अजून एकदा येतो, त्याला कुणीतरी नाव विचारतं. तेव्हा लेक्चरला जरूर जा, आयुका तुला वाकडहून औंधमार्गे त्यातल्या त्यात जवळ आहे, पण तिथे जायचं ते ऐकायला.

ओळखी होतात त्या कामात. हे मी सगळ्यांनाच सांगते, फक्त तुला नाही. मराठी माणसाला 'चला मैत्री करूया' म्हणून कुणाजवळ बसता येत नाही, अवघडायला होतं, पण 'जरा हे टेबल धर' म्हटलं की अर्ध्या तासात तो घरचं सगळं सांगायला लागतो. आणि आकाशदर्शनाला कामं भरपूर असतात. समज एखाद्या शाळेच्या मैदानात डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायचा साधा टेलिस्कोप, लावलाय, समोर दीड-दोनशे माणसांची रांग, शनीची कडी बघायला. त्या टेलिस्कोपला मोटर नसते, पृथ्वी फिरतेय म्हणून शनी आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) सरकत बाहेर जातो, दर मिनिटाला कुणीतरी तो जरासा ढकलून परत मधे आणावा लागतो, बोटाने, श्वास रोखून, जास्त ढकललास तर गेलाच. रांगेतलं पोर डोळा लावतं आणि म्हणतं, आत स्टिकर लावलाय ना? त्याच्या मागे एक आजी, त्यांना चष्मा काढून बघायचा की घालून ते कळत नाही. त्यांच्या मागचा माणूस टेलिस्कोपच धरतो, झालं, शनी गायब. आणि कुणीतरी पत्रिका काढून साडेसाती कधी संपतेय ते विचारतं, हे ठरलेलं आहे. हे सगळं सांभाळायला दोन माणसं लागतात, एक ढकलणारा आणि एक रांग बघणारा, आणि तीन तास जो माणूस तुझ्या शेजारी उभा राहून रांग बघतो त्याच्याशी तुझी ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी जाशील तेव्हा 'मला आवड आहे' एवढंच सांगू नकोस, ते सगळेच सांगतात. सांग की मला आकाश पाठ आहे, बायनॉक्युलर आहे, शनिवारी वेळ असतो, रांगेला उभी राहू का. वर्षातून एक दिवस तर अशी माणसं सगळीकडे लागतात, २८ फेब्रुवारी, विज्ञान दिवस. आयुका लोकांना खुली असते, तिकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश बघायला लोक लोटतात, शाळांची प्रदर्शनं असतात. त्याच्या आधी जानेवारीतच वेगवेगळ्या ग्रुप्सना विचारून ठेव कुणाला हात हवेत का. नुसती बघायला गेलीस तर गर्दीतली एक होशील. आणि जीएमआरटीला जायचं तर सकाळी लवकर, उन्हात तिथे झाड शोधत फिरावं लागतं.

'तुम्ही मराठवाड्याच्या का' याचं मला हसू आलं आणि थोडा रागही आला, तुझा नाही, लोकांचा. पण नीट आठवून बघ, विचारणाऱ्यांपैकी किती जण स्वतःच बीड-लातूर-परभणीचे निघाले? पुण्यात हा प्रश्न अर्ध्या वेळा तरी गाववाला शोधायला विचारलेला असतो. उरलेले अर्धे खोचक असतात, ते कबूल. त्यांच्यासाठी तुझ्याकडे एक पत्ता आहे जो तू वापरतच नाहीयेस. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय! ४-४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी पकडायला, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटींची मंजुरी दिली, आणि त्या प्रकल्पात आयुका आहे. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी २०१५ मध्ये पहिल्यांदा दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. म्हणजे ज्या आयुकाच्या शेवटच्या रांगेत तू तोंड मिटून बसलीस तिथली माणसं त्यासाठी तुझ्या जिल्ह्यात येतात, रस्ते विचारतात, जेवायला कुठे चांगलं मिळतं ते विचारतात. पुढच्या वेळी कुणी विचारलं कुठली, तर हिंगोली म्हण आणि वर 'लायगोवाली' म्हण, आणि बघ समोरचा खुर्ची ओढून बसतो की नाही. जो बसत नाही तो खगोलवाला नाही, त्याच्यावर वेळ घालवू नकोस.

आता गेट. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा अडथळा आहे आणि तो तू एका ओळीत उरकलास. मुलग्यांना हा प्रश्न येत नाही, ते बाइकवर स्लीपिंग बॅग टाकून निघतात, आणि मग ग्रुपमध्ये मुली कमी का असं आश्चर्याने विचारतात. तुला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. एक म्हणजे रात्रभरचे कार्यक्रम, जे शहराबाहेर अंधारात असतात. त्यांना पहिल्याच भेटीत जायचं नाही. दोन-चार वेळा संध्याकाळच्या कार्यक्रमांना जा, माणसं बघ, मग विचार की बस आहे का, किती मुली येतायत, झोपायची-टॉयलेटची सोय काय, जबाबदार कोण आणि त्यांचा नंबर काय. धड उत्तरं मिळाली तर जा, नंबर रूममेटला देऊन जा. 'अगं ये गं, काही होत नाही' असं उत्तर आलं तर जाऊ नकोस, कितीही मोठं नाव असलं तरी. आणि अनोळखी माणसाच्या गाडीतून अंधारं आकाश बघायला जायचं नाही, उल्कावर्षाव असला तरी नाही. अजून एक, जिथे टेलिस्कोपला मुलगे आणि चहा-नाश्त्याला मुली अशी वाटणी दिसेल तिथे एकदा स्पष्ट बोल, तरी तेच चाललं तर सोड तो ग्रुप. शहर मोठं आहे, त्याचा हा एक फायदा घे.

दुसरी गोष्ट, गेटच्या आतलं आकाश. वाकडचं आकाश भगवट आहे, आकाशगंगा विसर, सगळं मान्य. पण चमकणारी गोष्ट चमकतेच. ययाती तारकासमूहात तो अल्गॉल तारा आहे ना, तुला नक्की माहीत असणार, जवळपास दर २ दिवस २१ तासांनी मंद होतो, २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) आणि काही तासांत परत चढतो, कारण एक तारा दुसऱ्याच्या आड येतो. पावसाळा संपला की हिवाळाभर संध्याकाळी दिसतो, दहाच्या आत गच्चीवरून बघून होतो, तुझ्या बायनॉक्युलरला तर अगदीच सोपा. वही कर. तारीख, वेळ, शेजारच्या कुठल्या ताऱ्याएवढा दिसला, बस. अमेरिकेत एएव्हीएसओ म्हणून संस्था आहे, १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या अशाच नोंदी गोळा करते, तिथे तुझी नोंद टाकता येते. २०१९ च्या शेवटी मृगातला काक्षी (बेटेलज्यूस) अचानक मंदावला तेव्हा या असल्या नोंदी किती कामाला आल्या आठवतंय ना. आणि ही वही घेऊन तू कुठल्याही ग्रुपमध्ये गेलीस की तुला स्वतःची ओळख करून द्यायची गरजच पडणार नाही, कुणीतरी ती ओढून घेईल आणि म्हणेल, इथे तुझी वेळ चुकलीये. तोच तुझा माणूस.

ऑफिसात कुणी नाही म्हणतेस. तुला माहीत कसं? तिथे तू स्वतः कुणाला सांगितलंयस का? मला वाटतं तू जशी गप्प आहेस तसेच तिथे अजून दोघं-तिघं गप्प असतील. यांना बाहेर काढायची माझी आवडती युक्ती शून्य सावलीची आहे. पुण्यात मे महिन्यात १३-१४ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते (जुलैच्या शेवटी परत येतो पण तेव्हा ढग). त्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाक, जेवायच्या आधी दहा मिनिटं पार्किंगमध्ये या, जादू दाखवते. सपाट जागी एक सरळ बाटली उभी करायची, बस. वीस जण येतील, फोटो काढतील, ऊन लागतंय म्हणून एसीत पळतील. एखाददुसरा थांबेल. म्हणेल, पण मग मुंबईत कधी? नागपूरला त्याच दिवशी का होत नाही? दिल्लीत होतच नाही का? त्याचं नाव लिहून ठेव. तो टेस्टिंगमधला नसेल, अकाउंट्समधला असेल, सिक्युरिटीचे काका असतील, काही सांगता येत नाही.

आणि रूममेट्सना इतक्या लवकर निकालात काढू नकोस. त्यातल्या एकीला कोरियन सिरियलींची सगळी खानदानं पाठ आहेत असं तू वैतागून लिहिलंयस. मला तर ती तुझीच बहीण वाटली, फक्त तिचा किडा वेगळा. तिला तुझं आकाश नको असेल, पण एखाद्या गोष्टीत बुडून जाणं म्हणजे काय हे तिला कळतं, आणि रात्री उशिरा येणार असलीस तर गेटशी येऊन उभी राहील ती तीच.

टेक मीटअपला पॅकेज विचारतात हे खरंय, पण सगळ्या नाही. जिथे कार्यक्रमाचं नाव 'नेटवर्किंग' आहे तिथे नेटवर्किंगच होणार. जिथे लॅपटॉप उघडून काहीतरी बिघडलेलं दुरुस्त करतायत, म्हणजे लिनक्सवाले, पायथॉनवाले, तिथे पॅकेजचा विषय यायला वेळच नसतो, आणि टेस्टिंग करणाऱ्या माणसाला तर तिथे डोक्यावर घेतात.

हीच तक्रार बाकीचेही लिहून पाठवतात, आकाशाच्या जागी दुसरं काही घालून, तर त्यांच्यासाठी इथेच. जुन्या कागदांचं वेड असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासून सदाशिव पेठेत आहे, आणि मोडी वाचणारी माणसं एका अक्षरावर अर्धा तास भांडताना बघितली नसतील तर जरूर बघा, त्या भांडणात नवख्यालाही मत विचारतात. पक्ष्यांसाठी वेताळ टेकडीवर सकाळी सहाला जा, गळ्यात बायनॉक्युलर असलेल्या माणसाला 'काय दिसलं' एवढं विचारणं पुरतं, तो मागे लागतो. मुंबईकरांनो, तुमच्याकडे खगोल मंडळ आहे, टीआयएफआरचं 'चाय अँड व्हाय' (विज्ञानाच्या गप्पा) आहे, निसर्गवाल्यांची बीएनएचएस तर १८८३ पासून आहे, तुमचं दुखणं माणसांचं नाही, लोकलचं आहे. म्हणून एकच जागा धरा, घरापासून किंवा ऑफिसपासून सरळ लाइनवर असेल ती, भले दुसरी जास्त भारी असेल. जिथे पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागतात तिथे माणूस पावसाळ्यात जायचा बंद होतो. आणि घरात लहान मूल, म्हातारे आईवडील, नाइट शिफ्ट असं काही असेल तर महिन्यातून एकदाच जा पण तोच वार धरून जा.

परत जायचं का, याचं उत्तर मी देणार नाही, नोकरी-पैसा-घर यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस आणि फक्त गप्पा मारायला कुणी नाही म्हणून गाव गाठायचं असेल तर तिथेही सर एकटेच आहेत. त्यांना फोन मात्र कर. पत्रात त्यांच्याबद्दल इतकं आहे आणि शेवटचं बोलणं कधी झालं ते कुठेच नाही. आणि इथे चार जण जमले की हिवाळ्यात त्यांना घेऊन जा तुमच्याकडे, १३-१४ डिसेंबरला मिथुनेचा उल्कावर्षाव असतो, पुणेकर त्यासाठी अंधार शोधत वणवण फिरतात आणि तुझ्या घरी तो गच्चीवर आहे. भाकरी-ठेचा मिळणार म्हटलं तर अमावास्या आहे का हेही विचारणार नाहीत. खरं तर विचारतील.

गेटचं राहिलं. पीजीच्या काकूंशी बोलायचं आहेच, पण लगेच परवानगी मागू नकोस, नाही म्हणतील आणि मग ते नाहीच राहील. आधी एखाद्या संध्याकाळी गुरू वर असताना त्यांना गच्चीवर ने, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर कोपर टेकवून बायनॉक्युलर धरायला सांग, हात हलला तर काही दिसणार नाही, आणि गुरूच्या शेजारी ओळीत बसलेले बारीक ठिपके मोजायला लाव. चार मोजले की खाली येऊन चहा होईल. तेव्हा विचार.